जुना बंधारा पाडायचाय, ग्रँट कुठून मिळते आणि अर्जात काय लिहायचं?

ओढ्याकाठी:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एका छोट्या नदी-गटात व्हॉलंटिअर आहे. आमच्या नदीवर गिरणीसाठी बांधलेला जुना दगडी बंधारा आहे, गिरणी कधीच बंद पडली, वीज नाही, सिंचन नाही, पूर अडवायचं तर नावच नको, नुसती भिंत उभी आणि तिच्यामागे तुंबलेलं पाणी. मागच्या ऑगस्टमध्ये ऑक्सिजनचा मीटर घेऊन गेलो होतो, वरवर आकडा ठीक होता पण प्रोब खाली सोडत गेलो तसा भराभर उतरला, तळाशी जवळजवळ शून्य, आणि वर ओढला तर केबलला काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास. तीच नदी बंधाऱ्याच्या बरीच वर, खळाळत वाहते तिथे, गार आणि नितळ आहे हो, बघून जीव तुटतो. मालक वयस्कर आहेत, ते म्हणतात पाडा खुशाल, पण माझ्याकडे एक डॉलर मागू नका. इंजिनिअरने तोंडी अंदाज सांगितला तेव्हा आमची सगळी मीटिंग गप्प झाली. धरण बांधायला सरकार पैसे देतं हे माहीत होतं, पाडायला कोण देतं? आणि अर्ज माशांच्या नावाने करायचा, पाण्याच्या, की सुरक्षिततेच्या? कुणी यातून गेलंय का?

गाळमाती:
ताई, मी अशा तीन कामांवर गाळ तपासायला होतो म्हणून कळकळीने सांगतो, पाडायच्या ग्रँटचा अर्ज आत्ता करू नका. आधी अभ्यासाची ग्रँट मागा, ती रकमेने लहान असते आणि त्या मानाने लवकर मिळते. कारण खर्च भिंत फोडण्यात नसतो, भिंतीमागे इतक्या वर्षांत काय साठलंय त्यात असतो. गाळ स्वच्छ असेल, वाळू-रेती असेल, तर नदी तो स्वतःच हळूहळू वाहून नेते. विषारी निघाला तर उपसून, ट्रकने नेऊन, खास जागी पुरावा लागतो आणि मग बजेट कुठच्या कुठे जातं.

१९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवरचं फोर्ट एडवर्ड धरण काढलं, मागच्या गाळात वरच्या कारखान्यांचं पीसीबी नावाचं विषारी रसायन साठलेलं होतं, भिंत गेल्यावर ते खाली वाहत गेलं. पुढे हडसनचा जवळपास ३२० किलोमीटरचा पट्टा केंद्राच्या विषारी जागांच्या यादीत गेला आणि गाळ उपसायचं काम २००९ ते २०१५ चाललं. नदी बरी करायला जावं आणि तिलाच विष पाजावं असं कुणाच्या हातून पुन्हा होऊ नये.

एकदा आम्ही कोर काढला, म्हणजे गाळात पाइप ठोकून तसाच उभा वर काढायचा आणि चिरायचा. वरचे दोन वीत मऊ काळपट गाळ, पानं, काड्या, सगळे खूश, आणि त्याखाली बोटभर जाडीचा राखाडी थर, चिमटीत घेतला तर दाणेदार. दगडी कोळशाची राख होती. वरवरचा नमुना घेऊन घरी गेलो असतो तर कधीच कळलं नसतं.

पाणकावळा:
गाळमातींशी सहमत. आता पैसे कुठे ते सांगते. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात नोआला, म्हणजे समुद्र आणि हवामानाच्या केंद्रीय खात्याला, माशांच्या वाटेतले अडथळे काढायला ४० कोटी डॉलर दिले होते, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला, म्हणजे मासे आणि वन्यजीवांच्या केंद्रीय खात्याला, २० कोटी, आणि फेमाला, म्हणजे आपत्ती निवारणाच्या केंद्रीय खात्याला, धरणं काढण्यासाठी म्हणून साडेसात कोटी. हे पैसे २०२२ ते २०२६ अशा पाच आर्थिक वर्षांचे, त्यामुळे अर्जांची फेरी चालू आहे का ते आधी बघा.

पण तुमचं वर्णन वाचून मला क्लीन वॉटर अॅक्टचं, म्हणजे केंद्राच्या जलप्रदूषण कायद्याचं, कलम ३१९ जास्त जवळचं वाटतं. तो पैसा ईपीए, म्हणजे केंद्राची पर्यावरण संस्था, राज्यांना देते आणि राज्यं तुमच्यासारख्या गटांना. निरुपयोगी धरणं काढायला तो वापरता येतो, ईपीएने २०१६ मध्ये यावर प्रश्नोत्तरांचा कागदच काढला होता. अट अशी की राज्याच्या पातळीवर ४० टक्के वाटा केंद्राबाहेरचा लागतो आणि राज्यं तो बहुतेक वेळा तुमच्याकडे मागतात. व्हॉलंटिअरचे तास त्यात धरता येतात, म्हणून आजपासून वहीत नाव, तारीख, तास लिहून ठेवा. शिवाय पाणलोटाचा आराखडा लागतो, त्यात नऊ ठरावीक घटक असतात, तो नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही.

मासे की पाणी, तर देणारा कोण त्यावर आहे. नोआला समुद्रातून वर चढणारे मासे हवेत, ३१९ वाल्यांना प्रदूषण कमी झालेलं. तुमचा पट्टा राज्याच्या बिघडलेल्या पाण्याच्या यादीत आहे का बघा, असेल तर अर्जाचं पहिलं वाक्य तेच.

आणि हे फार कुणी सांगत नाही, बऱ्याच ग्रँटमध्ये आधी स्वतःचे पैसे खर्चायचे, मग बिल लावायचं, मग कधीतरी परत मिळतात. आमच्या गटाचं काम याच कारणाने चार महिने थांबलं, कंत्राटदार रोज फोन करायचा, मला रात्री झोप लागायची नाही. मोठ्या संस्थेला मुख्य अर्जदार करा, तुम्ही भागीदार राहा.

तिसरा_घाट:
थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. प्रत्येक बंधारा पाडण्यासारखा नसतो. ग्रेट लेक्सच्या नद्यांवर काही जुने बंधारे मुद्दाम ठेवलेत कारण ते सी लॅम्प्रेला, म्हणजे माशांचं रक्त पिणाऱ्या त्या परक्या जातीला, वर चढू देत नाहीत. तुमच्या खोऱ्यात असं काही आहे का ते मत्स्य खात्याला आधीच विचारा, नंतर परमिटच्या वेळी कळलं तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि सरकारी ग्रँट हा एकच रस्ता नाही. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढली, बजेट साधारण ४५ कोटी डॉलर, त्यातले २० कोटी वीज ग्राहकांच्या बिलातून जमा केलेले आणि बाकी २५ कोटींची तरतूद कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या जल-बाँडमधून, म्हणजे पाण्याच्या कामांसाठीच्या सरकारी कर्जरोख्यांतून. तिथल्या जलाशयांत उन्हाळ्यात विषारी निळं-हिरवं शेवाळ माजायचं, पाण्याला हात लावू नका असे बोर्ड लागायचे. काम संपलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक सॅल्मन धरणांच्या जागा ओलांडून वर ओरेगॉनमध्ये पोचले. मला तर ती बातमी वाचून भरून आलं होतं.

फक्त वेळेचा हिशोब मनात ठेवा. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची धरणं काढण्याचा कायदा १९९२ चा आणि ती तोडायला सुरुवात २०११ ला. तुमचं काम त्यापुढे खूपच लहान आहे, पण शेजारपाजारच्यांना तळं आवडतं, त्यांची समजूत काढायला वेळ लागतोच.

ओढ्याकाठी:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री राज्याची यादी उघडली, आमचा पट्टा आहे त्यात, कारण लिहिलंय विरघळलेला ऑक्सिजन कमी! म्हणजे ३१९ च्या लोकांना उद्याच फोन करते. पण गाळमाती, तुमचं वाचून जुने नकाशे पण काढले, आणि बंधाऱ्याच्या वर वळणावर कातडी कमावायचा कारखाना दाखवलाय. पोटात गोळाच आला. शनिवारी मालकांकडे लेखी संमती घ्यायला जातेय, त्यांना हे सांगू का?

गाळमाती:
सांगाच, लपवू नका, संमती कशाला देतोय हे त्यांना कळायला हवं. कातडी कारखाना म्हणजे क्रोमियम आणि आर्सेनिकची तपासणी पहिली. आणि अभ्यासाच्या अर्जात कोर एकच लिहू नका, एक भिंतीजवळ, एक तळ्याच्या मध्यावर, एक त्या वळणाच्या लगेच खाली, आणि तुलनेला एक कारखान्याच्याही वरचा. नकाशाची प्रत अर्जाला जोडा.