इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचं शेवटच्या वर्षाचं संशोधन: एकट्याने की टीमने?

प्रेसशॉप:
नमस्कार. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी १४ वर्षं काम करतेय. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची पदव्युत्तर मुलं दर वर्षी आमच्याकडे प्रोजेक्टला येतात. माझं स्पष्ट मत आहे की या शाखेत शेवटच्या वर्षाचं संशोधन तिघाचौघांच्या टीमनेच करावं. प्रत्येकाचा वेगळा प्रबंध, वेगळा गाईड ही पद्धत इथे उपयोगाची नाही.

कारण सांगते. आमच्या एका प्रेसवर (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रावर) डाय म्हणजे साचा बदलायला किती वेळ लागतो, हा विषय आधी एका मुलाने एकट्याने केला. त्याने नोंदवही उघडली. पानापानावर ४५ मिनिटं लिहिलेली. त्याचीच सरासरी काढून त्याने आलेख मांडले आणि पास झाला. गेल्या वर्षी तिघं आले. एक प्रेसपाशी घड्याळ लावून उभा, एक सेटरच्या, म्हणजे डाय बसवणाऱ्या कामगाराच्या मागे त्याची वाट कागदावर काढत फिरतेय, तिसरा डाय ठेवतात त्या टूलरूमच्या दारात. पहिल्याच रात्री प्रेस ७० मिनिटं बंद होती. बोल्ट सोडवण्यात आणि आवळण्यात त्यातला थोडाच वेळ गेला. क्रेन दुसऱ्या लाइनवर अडकली होती, पुढची डाय टूलरूममधून निघालीच नव्हती, आणि सेटर पाना शोधत दोन खाती फिरून आला. एकाच वेळी तीन ठिकाणी घडणारी ही गोष्ट एकटा माणूस कशी बघणार?

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने हेच शिकवलं: मशीन बंद ठेवूनच करायचं काम आणि मशीन चालू असताना उरकता येणारं काम आधी वेगळं करा. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसवरचा चार तासांचा बदल त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. ते काम डोळ्यांनी बघून झालं, नोंदवहीतून नाही.

खडूफळा:
ताई, तळमळ पोचली, पण मी पूर्ण असहमत आहे. २० वर्षं शिकवतोय. टीममध्ये एक जण ओढतो आणि बाकीचे दोराला नुसता हात लावून उभे राहतात. हे मी रागाने म्हणत नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना खरोखरच दोर ओढायला लावून मोजलं होतं. ते १९१३ मध्ये छापून आलं: आठ जण एकत्र ओढायला लागले की माणशी जोर साधारण निम्म्यावर येतो.

मागच्या तोंडी परीक्षेत मी एका मुलाला त्याच्याच अहवालातल्या आलेखाबद्दल विचारलं. उभ्या अक्षावर काय आहे, एवढंच. त्याने शेजारच्या मित्राकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं, कारण मुलगा हुशार होता, त्याला कुणी ते काम करूच दिलं नव्हतं. बी.ई.ला चौघांचा प्रोजेक्ट झालेलाच असतो. पदव्युत्तरला तरी एक प्रश्न एकट्याने शेवटपर्यंत नेऊ द्या.

प्रेसशॉप:
सर, दोराची गोष्ट मान्य. पण पुढचंही सांगायला हवं. १९७९ मध्ये बिब लाटाने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच टाळ्या आणि आरोळ्यांवर करून पाहिलं, तिथेही माणशी जोर घटला. मग १९८१ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की माणसं गटातही एकट्याइतकंच ओरडतात. म्हणजे कामचुकारपणा टीममुळे येत नाही, कुणी काय केलं ते न दिसल्यामुळे येतो. आमच्या तिघांच्या रोजच्या वह्या वेगळ्या होत्या आणि दर शनिवारी मी त्या वाचत होते.

रात्रपाळी:
मी दोन वर्षांपूर्वी अशाच टीममध्ये होते, म्हणून लिहितेय. आम्हा चौघांना एका कंपनीने पाच आठवडे स्टोअरमधला माल मोजून एक्सेलमध्ये भरायला बसवलं. संशोधन म्हणावं असं त्यात काही नव्हतं, फुकटचे आठ हात मिळाले एवढंच. शेवटी गोपनीयतेच्या नावाखाली निम्मे तक्ते काढायला लावले. गाईड एकदाही आले नाहीत.

आणि टीमच्या आतलं कुणी बोलत नाही, ते मी बोलते. मुलगी मी एकटीच होते. 'तुझी भाषा चांगली आहे, रिपोर्ट तू लिही' असं पहिल्याच दिवशी ठरलं. रात्रपाळीला जायची माझी तयारी होती, पण मुलं गेली आणि मी पीपीटी केली. मुलाखतीत 'शॉपफ्लोअरवर किती दिवस होतीस?' विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे 'रात्रपाळी' हे नाव घेतलं ते त्यासाठीच.

थंडीतला पाहुणा:
डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग विद्यापीठात मी मास्टर्स केलं. १९७४ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून गटाने प्रोजेक्ट करणं हाच तिथल्या शिक्षणाचा कणा आहे. 'एकट्याचे गुण कसे ठरवणार' यावर तिथेही भांडण झालं. २००६ मध्ये सरकारने गटाने तोंडी परीक्षा देण्यावर बंदीच आणली आणि काही वर्षांनी ती उठवली. गट एकत्र बसतो, पण गुण ज्याचे त्याला. आमच्या वेळी परीक्षक आमचा अहवाल वाचून आले होते आणि दुसऱ्याने लिहिलेल्या प्रकरणावर मला बराच वेळ विचारत होते. त्या धाकाने आम्ही एकमेकांचं काम शिकून घ्यायचो.

खडूफळा:
आमच्याकडे बाहेरचे परीक्षक एका दुपारी आठ तोंडी परीक्षा उरकून गाडी पकडतात. तो वेळ आणायचा कुठून? आणि ताई, मूळ मुद्दा राहिलाच. प्रेस लवकर सुरू झाली, तर ती सुधारणा झाली. त्यात संशोधन कुठे आहे?

प्रेसशॉप:
रात्रपाळी, तुझं वाचून गप्प झाले. आमच्या तिघांतही रिपोर्ट मुलीनेच लिहिला आणि मी ते चालवून घेतलं. या जूनपासून प्रत्येकाने तिन्ही जागा आणि तिन्ही पाळ्या करायच्या आणि आपापलं प्रकरण लिहायचं. हे मान्य नसेल, तर मी टीम घेणार नाही.

सर, प्रेस ७० मिनिटं बंद असताना नोंदवहीत ४५च का येतात, हा संशोधनाचा प्रश्न आहे. तो विद्यार्थ्यांना सेटरने दिला. 'पंचेचाळीसच्या वर लिहिलं की वरून फोन येतो.' सगळं नियोजन ज्या आकड्यांवर उभं, ते भीतीने लिहिलेले.

खडूफळा:
हा प्रश्न मोलाचा आहे, मानतो. पण तो एकट्याच्या प्रबंधातही बसेल.

प्रेसशॉप:
बसेल, पण हाती लागला कसा ते बघा. सेटर हे बोलला अकराव्या पाळीला, चहा पिताना, ते त्याच्या मागे फिरणाऱ्या मुलीजवळ. तिच्या हातात घड्याळ नव्हतं. वेळ मोजायचं काम त्या पाळीला दुसऱ्याकडे होतं.