मदत हवी आहे: टाळीनंतर पुनरुक्ती पुन्हा कशी पकडायची?

साक्री तालुक्यात दहावीच्या मुलांसमोर १२ मिनिटांचं प्रेरणापर भाषण आहे. शेवटी चार वाक्यांची सुरुवात एकच ठेवली आहे, 'पाऊस लांबला, तरी...', प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा लांब. सरावात तिसऱ्यालाच टाळी पडते आणि चौथं, खरं वजनाचं, वाहून जातं. (तीनवर कानाला संपल्यासारखं वाटतंच म्हणा.) तिसऱ्याचा स्वर शेवटी चढा ठेवला, विराम दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणला, फरक नाही. आधी 'म्हणून बाप पेरायचं सोडतो का?' असा प्रश्न टाकला, तर मागून 'सोडतो!' आलं. माइक एकच, पडदा नाही. वाक्यं अहिराणीत नेता येतील. तिसरं वाक्य काढूनच टाकू, की टाळी पडू देऊन तीच सुरुवात हळू आवाजात पुन्हा घेऊ?