चान्स घेताना ओव्हुलेशन किट: तुमचा अनुभव काय?

सुरंगी, म्हापसा
चान्स घ्यायचं ठरवलंय. फार्मसीतून ओव्हुलेशन किट आणलं, म्हणजे बीज कधी सुटणार ते लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्या, आतली चिठ्ठीही वाचली. पण फिकी रेघ म्हणजे काय, पाळी मागेपुढे होत असेल तर काय, हे घरात विचारणार कुणाला, सासूबाईंना? ज्यांनी वापरलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, दिवस राहिले असोत वा नसोत. नवस आणि पपई हे विषय कृपया दुसरीकडे.

अबोली, डिचोली
मला फायदा झाला, मुलगी आता बालवाडीत जाते. ही पट्टी प्रेग्नन्सी टेस्टसारखी वाचायची नाही. तिथे फिकी रेघसुद्धा होकार असते. इथे पट्टी एलएच बघते, म्हणजे बीज सोडायचा आदेश देणारं हार्मोन. ते थोडंफार अंगात असतंच, म्हणून फिकी रेघ येतच राहते. टेस्टची रेघ कंट्रोलच्या (पट्टी नीट चालतेय हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद आली तरच पॉझिटिव्ह. तीही चिठ्ठीत दिलेल्या वेळेतच बघायची. पट्टी वाळल्यावर उठलेल्या रेघेला अर्थ नाही.

एलएच वाढू लागल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं आणि ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे गडद रेघेची वाट बघत बसू नका, आधीचे दोन-तीन दिवसही कामाचेच. सुरुवात कधी? पाळीचं चक्र जितक्या दिवसांचं, त्यातून १७ वजा करा. २८ दिवसांचं असेल तर ११व्या दिवसापासून.

शिफ्टवाली, वेर्णा
सकाळची पहिली लघवीच हवी असं काही नाही. बहुतेकींचं एलएच पहाटे वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात. सकाळी १० ते रात्री ८ मधली वेळ धरा, पण रोज तीच. नाइट असली की मी दुपारी झोपून उठल्यावर करायचे. आधी दोन तास लघवीला जायचं नाही आणि पाणी बेताचं प्यायचं. मे महिन्यात हे सांगणाऱ्याला एकदा आमच्या प्लान्टवर उभं करायला हवं! रेघ गडद होत चालली की दिवसातून दोनदा बघा, काहींची वाढ पटकन ओसरते.

साष्टी
पीसीओडीवाल्यांनी (बीजांडकोशाचा, हार्मोनचा त्रास असलेल्यांनी) जपून. आमचं एलएच मुळातच वर असू शकतं, मग पट्टी आठवडाभर होकार देत बसते आणि पैसे जातात. माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, शरीराने आदेश सोडला एवढंच पट्टीला कळतं, बीज सुटलं की नाही ते कळत नाही. त्यासाठी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. मला अजून दिवस राहिलेले नाहीत. पट्ट्यांवरचा खर्च तेवढा थांबला.

पेडण्याचा घो
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मी ड्युटीवर असताना बायकोने पट्टीचा फोटो पाठवला, दोन लाल रेघा, खाली एक अक्षर नाही. शेजारच्या मित्राने स्क्रीन बघून विचारलं, “कितें रे, परत कोविड?”

खरं सांगायचं तर ‘आजच’ या हुकमाचं दडपण येतं. आता पट्टी तिची ती बघते, मला सांगत नाही. त्या आठवड्यात आम्ही एक दिवसाआड धरतो. आणि मित्रांनो, वीर्यतपासणी आधी करून घ्या. दोन ते सात दिवस संयम, मग एक नमुना, बस्स. बायको महिनोन्‌महिने पट्ट्या बुडवतेय आणि नवरा लॅबची पायरी चढत नाही, हा कुठला न्याय?

अबोली, डिचोली
घो, हसून पुरेवाट!

नर्सबाई, तिसवाडी
बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पट्टी नको, त्या औषधानेच पॉझिटिव्ह दिसू शकते. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पुढे असाल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांना भेटा. पाळी अनियमित असेल तर थांबूच नका. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आत्तापासूनच सुरू करा.

सुरंगी, म्हापसा
सगळ्यांचे आभार. आता चवथीला मूळ घरी जायचंय. माणसं चाळीस, न्हाणीघर एक. कसं करू?

शिफ्टवाली, वेर्णा
कागदी कप आणि बंद पाकीट पर्समध्ये ठेव. पाकीट आधी फोडू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी खराब होते. आणि कोणी दार वाजवलं तर वाजवू दे.