तेल सोडण्याआधी किल्लीचं पातं बघा

जुन्या दाराच्या कुलपात किल्ली अर्धीच फिरते, तर तेल सोडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको. चार दिवस बरं चालेल, मग त्यात धूळ बसून आतले लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पातळ पट्ट्या) एकमेकांना चिकटतील.

आधी किल्लीचं पातं, म्हणजे दांडीच्या टोकाचा चपटा भाग, नीट बघा. साध्या एक-दोन फटीच असतील तर बहुधा आत नुसते अडसर (चुकीची किल्ली अडवणारे पक्के कंगोरे) आहेत. दांडीपासून लांबच्या कडेवर कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या असतील तर ते लिव्हरचं कुलूप. रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ साली पेटंट घेतलेल्या रचनेत प्रत्येक लिव्हर नेमका तितकाच उचलावा लागतो. कमी नाही, जास्तही नाही. म्हणून झिजलेल्या किल्लीवरून दुसरी करून घेऊ नका. झीजही तशीच उतरते! कुलूप खोलून लिव्हरवरून किल्ली घडवणारा कारागीर शोधा.

स्वतः खोलणार असाल तर स्क्रूभोवतीचा रंग आधी धारदार ब्लेडने कापा, नाहीतर लाकडाचा कपचा निघतो. कुलूप आडवं ठेवा, झाकण अंगठ्याने दाबून हळू उचला (स्प्रिंग उडते) आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. लिव्हरचा क्रम चुकला तर योग्य किल्लीही लागत नाही. रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा, मग चिमूटभर ग्रॅफाइट.

बऱ्याचदा मोडलेली असते ती फक्त पातळ स्प्रिंग. तेवढ्यासाठी अख्खं कुलूप फेकू नका, एवढी विनंती.