घरचे सगळे (ग्रुप): मनूची सायकल

रविवार, सकाळी ८:०५

आई: मनू, काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. खाली पाण्याचं थारोळं होतं. ऑफिसला सायकलनं जातेस का तू? खरं सांग.

मी: हो आई. जूनपासून. सांगणारच होते.

आई: जूनपासून!! आणि आता नोव्हेंबर आहे. त्या हायवेवरून जातेस?

मी: हायवे नाही गं. घरापासून तीन मिनिटांवर ट्रेल लागतो, तो धरला की थेट युनिव्हर्सिटी. आठ किलोमीटर. गाड्यांना त्यावर येताच येत नाही. मधे काही ठिकाणी रस्ते आडवे जातात, तिथेच काय ते जपावं लागतं.

आत्या नाशिक: ट्रेल म्हणजे जंगलातली वाट का गं? आणि एकटीच जातेस?

मी: जंगल नाही आत्या, सिॲटल शहराच्या मधूनच जातो. नीट सांगते. बर्क-गिलमन ट्रेल म्हणतात त्याला. मुळात ती रेल्वेची लाइन. १८८५ मध्ये थॉमस बर्क आणि डॅनिएल गिलमन या दोघांनी आणखी काही जणांना घेऊन रेल्वे कंपनी काढली होती, त्यांचंच नाव ट्रेलला आहे. १९७१ मध्ये ती लाइन बंद पडली. आता या जागेचं काय करायचं, असा प्रश्न आला तेव्हा लोकांनी मागे लागून ती चालायला आणि सायकलला मागून घेतली. १९७८ मध्ये ट्रेल सुरू झाला. एका बाजूला लोकांच्या घरांची मागची अंगणं, दुसऱ्या बाजूला झाडांमधून लेक वॉशिंग्टन नावाचं तळं दिसत राहतं. सकाळी सातला निघाले की चालणारे, पळणारे, बाबागाड्या ढकलणारे आईबाप, कुत्रे फिरवणारे आणि माझ्यासारखे कामाला निघालेले सायकलवाले, सगळे एकाच पट्ट्यावर असतात.

मोठे काका: रेल्वे होती म्हणजे चढ नसणार.

मी: बरोब्बर काका! सिॲटल सगळं चढउताराचं आहे. माझ्या घराकडून रस्त्यानं गेलं तर दोन ठिकाणी उतरून ढकलत न्यावी लागेल. ट्रेलवर मात्र कळतही नाही इतका हलका चढ.

मोठे काका: इंजिनाला चढ झेपत नाही. रूळ टाकणाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी मोजमाप केलं, ते आज तुझ्या गुडघ्यांच्या कामी आलं. छान.

आत्या नाशिक: पण घरांच्या मागची वाट म्हटलं की मला भीती वाटते. चोराचिलटांना बरंच की. आणि बाईमाणूस एकटी.

मी: आत्या, अगदी हीच भीती तिथल्या घरवाल्यांना होती. सुरुवातीला त्यांचा विरोध होता. मग १९८७ मध्ये शहराच्या इंजिनिअरिंग खात्यानं पाहणी केली. ट्रेलमुळे चोऱ्या वाढल्याचं काही दिसलं नाही. उलट ट्रेलच्या जवळपासची घरं साधारण ६ टक्के जास्त भावानं विकली जात होती. आता घराच्या जाहिरातीतच लिहितात, ट्रेलजवळ म्हणून.
एकटीचं म्हणशील तर खरं सांगते. सकाळी मला कधीच भीती वाटली नाही, कारण माणसं असतात. संध्याकाळी आता साडेचारलाच अंधारतं आणि बऱ्याच भागात दिवे नाहीत. तेव्हा लॅबमधली एक मैत्रीण त्याच बाजूला राहते, आम्ही दोघी बरोबर निघतो. ती नसेल किंवा मला उशीर झाला तर बस. इथल्या बसला पुढच्या बाजूला सायकल अडकवायचा स्टँड असतो. ड्रायव्हरला हात करायचा, स्टँड खाली ओढायचा, सायकल चढवायची आणि आत जाऊन बसायचं.

मोठे काका: बसच्या तोंडाला सायकल? फोटो पाठव.

मी: सोमवारी काढते.

वहिनी कोथरूड: पावसाचं काय करतेस मनू? आणि घामाचं? मी तर लिफ्ट बंद असली तरी ऑफिसात घामेजून पोचते.

मी: वहिनी, इथला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही. वर्षभराचा मिळून मुंबईच्या निम्माही नसेल, पण महिनोन्‌महिने भुरभुरत राहतो. जॅकेट आणि वर चढवायची पॅन्ट पुरते. सगळ्यात महत्त्वाचं मडगार्ड. पहिल्या आठवड्यात नव्हतं तेव्हा पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ. आता पुढचं-मागचं दोन्ही आहे, मागच्याला रबराची झालर पण लावली, म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडत नाही. कपड्यांचे दोन जोड सोमवारीच नेऊन ठेवते. थंडीत घाम येतच नाही, उन्हाळ्यात वीस मिनिटं लवकर निघून हळू जायचे.
पावसापेक्षा पानांचं भय जास्त. इथे मेपलची पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी असतात, ओली होऊन डांबराला चिकटली की शेवाळासारखी घसरतात. शिवाय झाडांची मुळं खालून डांबर उचलतात, तिथे उंचवटे आलेत. ते सगळे आता मला पाठ झालेत.

आई: म्हणजे पडलीस तू.

आई: मनू?

मी: एकदाच. ऑगस्टमध्ये. पानांवरून नाही. सांगते सगळं, पण आधी ऐकून घे, लागलं काही नव्हतं, फक्त गुडघा खरचटला.
त्या दिवशी मला उशीर झाला होता. ट्रेलवर ताशी २४ किलोमीटरची मर्यादा आहे. मी त्याच्या जवळपास असेन, म्हणजे नियमात होते. पुढे एक आजोबा चालत होते, पंचाहत्तरीचे तरी असतील, लांब दोरीला छोटा कुत्रा. इथे उजवीकडून चालतात आणि मागून पुढे जाणारा ‘ऑन युअर लेफ्ट’ असं ओरडतो, म्हणजे मी तुमच्या डावीकडून जातोय. मी ओरडले. त्यांना फक्त ‘लेफ्ट’ ऐकू आलं आणि ते घाईघाईनं डावीकडेच सरकले, नेमके माझ्यासमोर. कुत्रा उजवीकडेच राहिला, दोरी आडवी ताणली गेली. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि कडेच्या गवतात गेले.
उठून बघते तर आजोबा उभे, पण त्यांचे हात थरथरत होते. दोरी हातात धरवत नव्हती. मला म्हणत होते, सॉरी, सॉरी, मीच चुकीच्या बाजूला आलो. कानातलं यंत्र त्यांनी काढून दाखवलं. मला इतकं कसंतरी झालं. त्यांची काय चूक? ते त्यांच्या घराच्या मागच्या वाटेवर सकाळचे चालत होते. मी बाकावर त्यांच्याबरोबर दहा मिनिटं बसले. लॅबमध्ये उशीर व्हायचा तो झालाच.
तेव्हापासून मी माणूस दिसलं की आधी वेग कमी करते. चालणाऱ्याच्या वेगावर येते, दुरूनच घंटी वाजवते, त्यांनी वळून बघितलं तरच पुढे जाते. नाही बघितलं तर मागे मागे जात राहते. आठ किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागायची, आता चाळीस लागतात.

आई: पडलीस आणि तीन महिने बोलली नाहीस.

मी: चुकलं आई. तू घाबरशील म्हणून.

आई: आता नाही का घाबरले?

मोठे काका: वहिनी, थांबा जरा. पोरगी शिकली ते महत्त्वाचं आहे. मी एकतीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या फॅक्टरीत सायकलनं गेलो. वाकडेवाडीपासून पुढे नुसता लोंढा असायचा सायकलींचा, हँडलला हँडल लागायचं. भोंग्याच्या आत गेटवर पोचायचं म्हणून सगळेच घाईत. तरी कडेनं भाजीची पाटी घेऊन बाई चालली असेल तर अख्खा लोंढा तिला वळसा घालून जायचा. आम्हाला जुन्या लोकांनी एकच सांगितलं होतं. घंटी दुरून एकदा वाजवायची. अंगाशी येऊन वाजवली की माणूस दचकतो आणि नेमका तुमच्या चाकाखाली येतो. मनूचं तेच झालं.

मी: अगदी तेच झालं काका. हे मला आधी सांगायला हवं होतंत.

मोठे काका: तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पुढचा दिवा कसा लावलायस?

मी: हँडलवर, एलईडी आहे.

मोठे काका: खाली झुकव. समोरच्याच्या डोळ्यात गेला तर त्याला तू दिसत नाहीस, नुसता उजेड दिसतो. आमचा डायनॅमोचा दिवा मिणमिणता, पण तो जमिनीकडे असायचा.

मी: आत्ताच झुकवून आले. खरंच सरळ डोळ्यांवर होता.

दादा कोथरूड: मी कधीचा वाचतोय. मनू, मलाही जायचंय सायकलनं. शिवाजीनगर, सहा-सात किलोमीटर फक्त. पण तुझ्यासारखा सलग ट्रेल कुठाय? आमच्याकडे सायकल ट्रॅक दोनशे मीटर चालतो आणि विजेच्या डीपीत घुसतो. उरलेल्यावर स्कूटर लावलेल्या.

मी: दादा, सलगपणा हाच सगळा जीव आहे रे त्याचा. आमच्याकडेही एक तुकडा तुटलाय. बॅलार्ड भागात साधारण सव्वादोन किलोमीटर ट्रेलच नाही, लोक त्याला ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. कितीतरी वर्षं त्यावरून कोर्टात वाद चालला. तिथे कारखान्यांचे ट्रक आणि रस्त्यात तिरके जाणारे जुने रूळ. त्या फटीत सायकलचं चाक अडकून माणसं पडतात. तिकडे गेले की मी रुळांना काटकोनात वळवून मगच ओलांडते. माझ्या रोजच्या वाटेत तो भाग येत नाही, आला असता तर मी ट्रेलवर पाऊल ठेवलं असतं की नाही कोण जाणे. म्हणून तुला ‘कर, सोपं आहे’ असं मी इथे बसून म्हणणार नाही.

मोठे काका: कर्वे रोडनं जाऊच नकोस. प्रभात रोडच्या गल्ल्या धर, भांडारकर रोड, मग बीएमसीसीवरून मॉडेल कॉलनी. थोडं लांब पडेल पण झाडी आहे आणि बस नाही. आधी रविवारी रिकाम्या रस्त्यावर जाऊन वाट पाठ कर. वळणं, खड्डे, शाळा कुठे सुटतात ते बघ.

वहिनी कोथरूड: हेल्मेट घेतल्याशिवाय मी गेटबाहेर सोडणार नाही.

दादा कोथरूड: घेतो. काका, तुम्ही याल रविवारी बरोबर? गाडीनं का होईना.

मोठे काका: गाडीनं कशाला. सकाळी सहाला निघालो तर प्रभात रोडपर्यंत मी सायकलनंच येतो. सावकाश.

आत्या नाशिक: अहो वय किती तुमचं!

मोठे काका: ७८. म्हणून सावकाश म्हटलं.

आई: मनू, सकाळी लॅबमध्ये पोचलीस की एक मेसेज आणि संध्याकाळी घरी आलीस की एक. माझी मध्यरात्र असली तरी चालेल.

मी: नक्की आई. दोन्ही वेळा.

मोठे काका: मनू, ब्रेकचे रबर बघ. ओल्यात लवकर झिजतात. रिमला लोखंड घासल्याचा आवाज यायच्या आत बदल.

मी: पुढचा झिजलाय काका. उद्याच नवीन घेते.

मंगळवार, रात्री ९:४०

दादा कोथरूड: माळ्यावरून सायकल काढली. दोन्ही चाकांत हवा नाही, मागच्या टायरला चीर आहे, चेन गंजलीये. फोटो टाकतोय.

मोठे काका: टायर नवीनच लागेल. ट्यूब टाकून देऊ नकोस, इकडे घेऊन ये. पाने, पॉलिश पेपर, सोल्युशन सगळं आहे माझ्याकडे. शनिवारी दुपारी बसू.

मी: आणि हा घ्या काका, बसचा फोटो. समोर अडकवलेली निळी आहे ना, ती माझी.