तातडीने मदत हवी: थायलंडमध्ये शिकवतोय, बॉर्डर रनला लाओस बरं की मलेशिया?

कराडकर_०७ | २८ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. मी थायलंडमध्ये कोराटच्या पुढे एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवतो. पासपोर्टवरच्या स्टँपची राहण्याची मुदत संपत आलीय. शाळेची कोऑर्डिनेटर म्हणते, बॉर्डरला जाऊन परत ये, नवा स्टँप मिळेल, एका दिवसाचं काम आहे. कंबोडियाची बॉर्डर बंद आहे ते माहीत आहे. राहिले लाओस आणि मलेशिया. कुठून लवकर होईल आणि खर्च किती? सोमवारी पहिला तास माझा आहे, रविवारी रात्रीपर्यंत परत यायचंय.
"आधी विचार करायला हवा होता" असले प्रतिसाद नकोत. ते घरचे देतील.

टीपकागद | ९:५२
कोणता व्हिसा? कधी आलात? वर्क परमिट आहे का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

भटक्या_७२ | १०:०५
लाओसच! कोराटहून रात्रीची बस किंवा रेल्वे पकडून नोंग खाय. तिथे मेकाँगवर फ्रेंडशिप ब्रिज आहे, १९९४ मध्ये झालेला. पूल पायी ओलांडू देत नाहीत, शटल बस असते. आपल्याला लाओसचा व्हिसा लागतो, त्याचे पैसे डॉलरमध्ये तयार ठेवा. फाटकी किंवा चुरगळलेली नोट घेत नाहीत, स्वानुभव. पलीकडे लाओसच्या राजधानीत, व्हिएनतियानमध्ये, फ्रेंचांनी मागे ठेवलेला लांब पाव जरूर खा. संध्याकाळी नदीकाठचा बाजार चुकवू नका. मी २०१८ ला गेलो होतो, फोटो वेगळ्या धाग्यात आहेत.

कराडकर_०७ | १०:११
@भटक्या धन्यवाद. पाव नंतर बघू. @टीपकागद व्हिसा म्हणजे नेहमीचाच, विमानतळावर शिक्का मारतात तो. वर्क परमिट शाळा करणार आहे.

सरळमार्गी | १०:१९
म्हणजे टुरिस्ट म्हणून जाऊन नोकरी करताय. अशांमुळेच बाकीच्या भारतीयांना इमिग्रेशनच्या रांगेत बाजूला काढतात. याला मदत कसली मागता?

टीपकागद | १०:२४
सरळमार्गी, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये हे नको म्हटलंय. शाळेने बोलावलं, शाळेने राबवलं, शाळेला कोणी विचारत नाही. बोलणी सगळी मास्तरला.

अनु_नोंथाबुरी | १०:४७
कराडकर, मी इथे नऊ वर्षं शिकवते, बँकॉकच्या शेजारी. दोन गोष्टींची गल्लत होतेय. तुम्ही म्हणता तो "नेहमीचा" व्हिसा नाहीच. जुलै २०२४ पासून भारतीयांना बिनव्हिसा ६० दिवस राहता येतं, तो शिक्का तुमच्याकडे आहे. त्यावर राहता येतं, काम करता येत नाही. बॉर्डरला जाऊन आलात तर राहण्याचे दिवस वाढतील, तेही अधिकाऱ्याने आत सोडलं तर. काम तरीही बेकायदाच राहील. कामासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट, दोन्ही लागतं.
आता नीट सांगा. आल्याची तारीख? ३० दिवस वाढवून घेतलेत का? पदवी कोणती? करारावर सही झालीय का?

कराडकर_०७ | ११:०२
१० जूनला आलो. ३० दिवस वाढवले, १९०० बाट भरून. आता ७ सप्टेंबर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. बी.ए. बी.एड., शिवाजी विद्यापीठ. करार थाई भाषेत आहे, सही केलीय.
पण मूळ प्रश्न बॉर्डरचा आहे.

अनु_नोंथाबुरी | ११:१५
मूळ प्रश्न तो नाहीच हो. थायलंडमध्ये राहूनच बिनव्हिसा शिक्क्याचा नॉन-बी करून घेता येतो. फॉर्म टीएम ८७, फी २००० बाट. पण अर्ज करताना शिक्क्याचे किमान १५ दिवस शिल्लक लागतात. तुमचे दहा उरलेत. मागच्या आठवड्यात विचारलं असतंत तर ही वाट होती. तीन महिन्यांत शाळेने कोणते कागद मागितले तुमच्याकडून?

कराडकर_०७ | ११:२१
पदवीची झेरॉक्स आणि सहा फोटो.

अनु_नोंथाबुरी | ११:२६
मग शाळेने काहीच सुरू केलेलं नाही. खरंच करायचं असतं तर पदवीची पडताळणी, पोलीस क्लिअरन्स आणि टॉइक या इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क मागितले असते. आपण नेटिव्ह स्पीकर धरले जात नाही, म्हणून ६०० तरी लागतात. खासगी शाळेला शिक्षण खात्याकडूनही पत्र काढावं लागतं. इथल्या शिक्षक परिषदेचं नाव खुरुसफा, म्हणजे आपली गुरुसभाच. तुमचं बी.एड. तिथे कामाला येईल. सुरुवातीला दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते.

शब्दवेल्हाळ | ११:३८
गुरुसभा! वा. आणि कोराटचं अधिकृत नाव नाखोन रात्चासिमा, म्हणजे नगर राजसीमा. बाकी धाग्यात सगळे "स्टँप" लिहितायत, "शिक्का" हा चांगला शब्द असताना. "बॉर्डर रन"ला "सीमाफेरी" म्हणता येईल.

टीपकागद | ११:४०
वेल्हाळराव, माणूस अडकलाय तिकडे.

शब्दवेल्हाळ | ११:४१
अडकला तरी मराठीत अडकावा.

शिकागोची_मावशी | २९ ऑगस्ट, पहाटे २:१०
मी अमेरिकेत एच४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवरून मिळणाऱ्या व्हिसावर, असताना मंडळाच्या शाळेत दर रविवारी मराठी शिकवायचे. बिनपैशाची सेवा. एका वर्षी पालकांनी शिक्षिकांना गिफ्ट कार्ड द्यायचं ठरवलं, तर आमचे कोषाध्यक्ष आडवे आले: ज्यांना कामाची परवानगी नाही त्यांना काहीही द्यायचं नाही, साडीसुद्धा नाही. तेव्हा राग आला होता. २०१५ पासून काही एच४ वाल्यांना काम करता येऊ लागलं, पण माझा नंबर फार उशिरा लागला. तर कराडकर, शाळेला सांगा, मी स्वयंसेवक आहे असं कागदावर लिहा. प्रश्न मिटला.

अनु_नोंथाबुरी | सकाळी ७:३०
मावशी, इथे तसं मिटत नाही. बिनपगारी शिकवलं तरी परमिट लागतं. आणि यांना पगार मिळतोय.

मस्कतवाला | ८:०५
कराडकर भाऊ, थायलंड सोडा, गल्फला या. पगार डबल, टॅक्स नाही, आणि इथे आपली माणसं आहेत. भाजी-भाकरी मिळते. तिकडे काय खाता हो? सगळ्यात मासळीचं पाणी घालतात म्हणे.

भटक्या_७२ | ८:२०
नाम प्ला म्हणतात त्याला. शाकाहारी असाल तर "जे" म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसेल तिथे डोळे मिटून खा. साबुदाण्याला तिकडे साकू म्हणतात, पण साकू म्हणून दिसलं की उपासाचं समजू नका. एका प्रकारात आत डुकराचा खिमा असतो. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी चतुर्थीला दोन खाल्ले.

मस्कतवाला | ८:२४
अरे देवा.

सरळमार्गी | ८:४०
दंड किती होतो ते कोणी सांगेल का? सगळे खाण्यावर घसरले.

अनु_नोंथाबुरी | ९:०५
सांगते. परमिटशिवाय काम करताना पकडलं तर ५,००० ते ५०,००० बाट, मग देशाबाहेर रवानगी, आणि दोन वर्षं वर्क परमिटचा अर्ज करता येत नाही. शाळेला दर माणसामागे १०,००० ते १,००,०००. शिक्का संपून वर राहिलात तर दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००. स्वतःहून विमानतळावर भरून निघालात तर थोड्या दिवसांचं तेवढ्यावर भागतं. धाडीत सापडलात तर एक दिवसाचाही ओव्हरस्टे पाच वर्षांची बंदी लावतो.

कराडकर_०७ | दुपारी १२:५०
मधल्या सुट्टीत लिहितोय. धाडीचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मंगळवारी कोणीतरी अधिकारी आले होते. प्रार्थनेनंतर कोऑर्डिनेटर धावत आली आणि मला आणि दोन फिलिपिनो मॅडमना कँटीनच्या मागच्या कोठारात घेऊन गेली. तांदळाच्या पोत्यांवर दीड तास बसलो. जाळीच्या खिडकीतून चौथीची पोरं आम्हाला बघून हात हलवत होती. आम्ही आत वाकून बसलेलो आणि ही हसतायत, टीचर टीचर करून ओरडतायत. एकीने जाळीतून यकुल्टची बाटली आत ढकलली. अधिकारी गेल्यावर कोऑर्डिनेटर म्हणाली "माय पेन राय". म्हणजे काही नाही, चालायचंच. त्यातली एक मॅडम सहा वर्षं अशीच शिकवतेय. ती म्हणते सवय होते.
पालकांना शाळेने सांगितलंय की मी लंडनचा. कराडचं कृष्णा-कोयनेचं पाणी प्यायलेला माणूस मी.

टीपकागद | १२:५८
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? तिथे कसे पोचलात? एजंट?

कराडकर_०७ | १:०१
हो, पुण्याचा. १ लाख ८० हजार. "व्हिसासकट" म्हणाला होता. आता फोन उचलतो पण "शाळेशी बोला" म्हणतो.

विधी_सल्ला | १:२०
एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरायला नोंदणी लागते, आणि सेवाशुल्काची कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी. बहुतेक वेळा पावती "टूर पॅकेज" नावाने असते. तुमचीही असेल.

कराडकर_०७ | १:२४
"एज्युकेशन कन्सल्टन्सी".

विधी_सल्ला | १:२९
तेच ते. पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅप चॅट जपून ठेवा. चॅट उडवू नका, रागाने ब्लॉक करू नका.

सरळमार्गी | १:४०
नोकरीच्या नावाखाली थायलंडला नेऊन पुढे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडलेली मुलं विसरलात? मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरच्या माय सॉटहून पाचशेच्या वर भारतीय आणावे लागले. हे तिथेही पोचू शकले असते.

टीपकागद | १:४४
ते वेगळं प्रकरण. हे शाळेत आहेत, फळा आहे, पोरं आहेत. घाबरवून काय मिळतंय?

सरळमार्गी | १:४६
घाबरवत नाही. निघा म्हणतोय. काल मदत कसली म्हणालो, चुकलं. पण निघा.

अनु_नोंथाबुरी | २:१५
कराडकर, पासपोर्ट तुमच्याकडे आहे ना?

कराडकर_०७ | ४:३५
ऑफिसच्या कपाटात. शुक्रवारी मागितला तर देते म्हणाली. बॉर्डरला जायचंच आहे ना.

अनु_नोंथाबुरी | ४:४०
आज शुक्रवारच आहे. आत्ता जाऊन आणा. बॉर्डरसाठी म्हणूनच मागा, दुसरं काही बोलू नका.

कराडकर_०७ | ५:५०
मिळाला. सही करून घेतली वहीत.
आता खरं सांगतो. ऑगस्टचा पगार पाच तारखेला आहे, १८,००० बाट. पाचला पगार, सातला शिक्का संपतो. आत्ता निघालो तर पगार बुडतो. म्हणून बॉर्डर विचारत होतो. घरी अजून एजंटचे पैसे फिटलेले नाहीत. आई गणपतीला आलेल्या प्रत्येकाला सांगतेय, पोरगा फॉरेनला पर्मनंट झाला.

अनु_नोंथाबुरी | ६:२०
मला वाटलंच होतं. २०१६ मध्ये मी एका भाषा केंद्रात टुरिस्ट व्हिसावर चार महिने शिकवलं. शेवटच्या महिन्याचा पगार मालकाने दिला नाही. हसून म्हणाला, कुठे तक्रार करणार? आणि खरंच कुठे करणार होते? कामगार कार्यालयात गेले असते तर पहिला प्रश्न परमिट कुठे हा आला असता. पगार बुडवणारा हे जाणून असतो. पुढे मी मुंबईला परतले, सगळे कागद करून नॉन-बीवर आले. सात महिने गेले त्यात.
तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पाचपर्यंत थांबून पगार घ्यायचा आणि सहाला विमान धरायचं, तोवर वर्गात उभं राहण्याचा धोका पत्करायचा. नाहीतर उद्याच निघायचं. मी असते तर आजारी आहे सांगून घरी बसले असते आणि पगाराच्या दिवशी गेले असते. सल्ला देत नाही, मी काय केलं असतं ते सांगतेय.

सरळमार्गी | ६:३२
उद्याच.

टीपकागद | ६:३३
तुमचे अठरा हजार बाट नाहीत म्हणून उद्याच.

विधी_सल्ला | ६:५०
मुंबईत परतल्यावर पदवीचं अटेस्टेशन करून घ्या. अपोस्टील, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखालचं प्रमाणपत्र, नको; थायलंड त्या करारात नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन आणि पुढे थाई वकिलातीचं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून. शाळा, हीच किंवा दुसरी, खरोखर कागद पाठवेल तेव्हाच ई-व्हिसाचा अर्ज. मध्येच शाळा अडवाअडवी करू लागली तर बँकॉकचा आपला दूतावास सुखुमवित रस्त्याला सोय २३ मध्ये (सोय म्हणजे गल्ली) आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

भटक्या_७२ | ७:१०
सोय २३ च्या आसपास भारतीय जेवण चांगलं मिळतं. आणि वेळ असेल तर बँकॉकच्या पूर्वेला छाछोएंगसाओला उभा गणपती बघा, ३९ मीटर उंच. इकडे त्याला फ्रा पिकानेत म्हणतात. गणेशोत्सवच चालू आहे, योग आहे.

शब्दवेल्हाळ | ७:१४
पिकानेत म्हणजे विघ्नेशच बरं का.

कराडकर_०७ | ३१ ऑगस्ट, रात्री १०:३०
उशिरा लिहितोय. शनिवारी कोऑर्डिनेटरला विचारलं, पगार आधी मिळेल का, बॉर्डरला खर्च आहे. निम्मा दिला, ९,००० बाट, लिफाफ्यात. बाकीचा परत आल्यावर म्हणाली. मी हो म्हणालो.
बॉर्डरला गेलो नाही. बँकॉकला एका ओळखीच्या मुलाच्या खोलीवर आलोय. मंगळवारचं मुंबईचं तिकीट काढलं. उद्या सोमवार, पहिला तास चौथीचा. यकुल्टवाल्या पोरीचं नाव नाम-वान. शब्दांची वही तपासायची राहिलीय, ती माझ्या बॅगेतच आली चुकून.
आज गौरी आल्या घरी. आईने व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. मंगळवारी विसर्जनाला पोचेन असं अजून सांगितलेलं नाही. काय सांगू तेही ठरलं नाही.
अनुताई, वही कोणत्या पत्त्यावर पाठवू? शाळेला पाठवली तर कळेल ना त्यांना?

अनु_नोंथाबुरी | १०:४४
मला द्या. विमानतळावर येते मंगळवारी. मी टाकते पोस्टात, पाठवणाऱ्याचं नाव न लिहिता.

शिकागोची_मावशी | १ सप्टेंबर, पहाटे १:२०
बरं झालं. आईला खरं सांगा, आया रागावतात पण जेवायला वाढतात.

मस्कतवाला | सकाळी ८:१५
कराडकर भाऊ, गल्फचं काय ते कळवा.

नवा_सदस्य_४४१ | ९:०३
धागा आत्ताच वाचला. कोराटच्या त्या शाळेत जागा रिकामी झाली का? माझ्या मेहुण्याचं यंदाच बी.एड. झालंय.