मदत हवी आहे: गेममधली ट्यूनर गाडी भडक दिसतेय पण भारी दिसत नाहीये (सोमवारच्या आत)

धुरळा_उडव

लोकहो पटकन सांगा. स्ट्रीट रेसिंगचा गेम बनवतोय, त्यात हिरोची गाडी फुल मॉडिफाइड (ट्यूनर) हवी आहे. वाइडबॉडी (रुंद केलेली बॉडी), खालून निऑन, दोन्ही बाजूला व्हिनाइल (स्टिकर), मोठा विंग, चाकं आत झुकलेली, सगळं टाकून झालं तरी मजा येत नाहीये. रेंडर मारला की एकदम कडक दिसते आणि गेममधे टाकली की वरातीतली गाडी. निऑनची पट्टी नुसती जांभळी दिसते, रस्त्यावर उजेड शून्य. डाव्या बाजूची अक्षरं उलटी येतायत. चाकं फिरताना लडबडतात. नक्की काय बदलू? सोमवारी डेमो आहे. ट्यूटोरियलच्या लिंका देऊ नका, सगळे बघून झालेत.

बहुभुज

इंजिन कुठलं? (गाडीचं नाही, गेमचं.) मोबाइल का पीसी? मूळ गाडी कोणती? ट्राय (मॉडेलमधले त्रिकोण) किती? आणि फोटो कुठाय?

धुरळा_उडव

युनिटी. गाडी ट्यूनर आहे म्हटलं ना वर.

बहुभुज

अरे बाबा ट्यूनर ही काही कंपनी नाही. स्विफ्ट पण ट्यूनर होऊ शकते.

सदूकाका_निवृत्त

धागाकर्त्यास एक सूचना. गाडीत असे बदल करण्यापूर्वी नीट विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलेले आहे. रंग बदलायचा असल्यास आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. रुंद चाके व खालचे दिवे लावून फिरलात तर आरटीओवाले सोडणार नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची गाडी पोलिसांनी उचलून नेली होती, ती सोडवताना त्याच्या वडिलांच्या नाकी नऊ आले.

शलाका_के

काका, गेममधली गाडी आहे हो. कॉम्प्युटरवरची.

सदूकाका_निवृत्त

ते वाचले मी. पण असले गेम खेळूनच पोरे पुढे खरी गाडी घेऊन तसे करतात.

धुरळा_उडव

आरटीओ विषय बंद करा प्लीज. अँड्रॉइडचा गेम आहे, यूआरपी (युनिटीची ग्राफिक्स पाइपलाइन). मूळ गाडी निसानची सिल्व्हिया एस15. ट्राय सव्वातीन लाख. फोटो टाकलाय वर.

बहुभुज

सव्वातीन लाख?? अँड्रॉइडवर?? झूम करून बघितलं, रिमच्या प्रत्येक नटाला गोलाई दिलीयस आणि पंख्यांच्या जाळीचं एकेक भोक खरं पाडलंयस. फोनच्या स्क्रीनवर तो नट एका पिक्सेलएवढा येणार. नट, जाळी, पॅनेलच्या फटी सगळं नॉर्मल मॅपमधे (उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्रात) बेक कर, म्हणजे आधीच छापून ठेव. माझ्या अनुभवात मोबाइलवर हिरोच्या गाडीला 20-25 हजार रग्गड होतात, बाकीच्या गाड्या त्याच्या निम्म्यात बसव.

रोटरी_रावसाहेब

सिल्व्हिया का पण? कुठल्याही ड्रिफ्टच्या गेममधे बघावं तर सिल्व्हियाच. मझदाची आरएक्स-7 एफडी घे. जपान्यांनी काढलेली सगळ्यात देखणी बॉडी आहे ती, एकही सरळ रेष नाही, त्यावर वाइडबॉडी आपोआप खुलते. 13बी रोटरी इंजिन, दोन टर्बो, आवाज असा की मेन्यूतच पोरं अर्धा तास नुसता ॲक्सिलरेटर दाबत बसतील.

आरबी_26

आले रोटरीवाले. धागा कशाचाही असो यांची एफडी तयार. त्याने मॉडेल करून झालंय हो साहेब, डेमो सोमवारी आहे. आणि बदलायचीच असेल तर निसानची आर34 जीटीआर कर, मागचे चार गोल दिवे आंधळासुद्धा ओळखेल.

रोटरी_रावसाहेब

ओळखेल ना, आणि मग त्या फोर व्हील ड्राइव्हने वळणावर ड्रिफ्ट कसा मारणार तेही सांग.

आरबी_26

ॲटेसा (जीटीआरची फोर व्हील ड्राइव्ह सिस्टिम) वाचून या आधी. एरवी ताकद मागच्याच चाकांना असते, मागची घसरायला लागली की मग पुढे जाते. आणि 2.6 लिटरचं इंजिन कागदावर 280 पीएस दाखवायचं ते कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं म्हणून, खरं तर

शलाका_के

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना प्लीज.

@धुरळा_उडव, फोटो बघितला. गाडी वाईट नाहीये, पण तू दोन काळ एकत्र केलेस. व्हिनाइलच्या ज्वाला, क्रोम रिम, निऑन, पारदर्शक काचेचे टोयोटा अल्टेझा छापाचे मागचे दिवे, हा सगळा 2003-04 चा झगमगाट. आणि बाहेरून रिव्हेट मारलेले फेंडर, पुढचा चपटा स्प्लिटर, चाकं आत झुकलेली, हे नंतरचं, क्योतोच्या केई मिउराच्या रॉकेट बनी बॉडी किटनी 2010 नंतर जगभर पसरवलेलं. दोन्ही आपापल्या जागी मस्त आहेत, पण एकाच गाडीवर आले की डोळा कुठे ठेवायचा तेच कळत नाही. तुझ्या डोक्यात नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड 2 बसलाय असं वाटतंय (2004 चा, आम्ही पण त्यातच वाढलो). त्या गेममधे गाडीच्या दिसण्याला स्टार मिळायचे आणि मासिकाच्या कव्हरवर यायचं तर स्टार वाढवावे लागायचे, म्हणून आम्ही छतावर स्कूप, डिकीत स्पीकर, दिसेल ते चिकटवत सुटायचो. तिथे नियमच तसा होता. तुझ्या गेममधे तो नियम आहे का? नसेल तर एकच गोष्ट ओरडू दे, बाकीच्यांना गप्प बसव.

दुसरं. खेळणारा गाडी कुठून बघतो? मागून. रेस चालू असताना पुढचं तोंड त्याला दिसतच नाही, आणि तू सगळी मेहनत बंपर आणि बॉनेटवर घातलीयस. मागे बघ, साधा बंपर आणि एक नळकांडं. डिफ्युझर, सायलेन्सर, दिव्यांचा आकार, मागच्या चाकांची रुंदी, विंगचे पाय, गाडीची ओळख इथून पटली पाहिजे. पुढचं तोंड मेन्यू आणि रेस सुरू व्हायच्या आधीच्या सीनपुरतं, तेवढं आहे ते पुरे.

धुरळा_उडव

2004 चंच ठेवणार. रिव्हेट काढतो. पण निऑन???

बहुभुज

एमिसिव्ह मटेरियल लावलंस ना? ते स्वतः चमकतं, आजूबाजूला उजेड पाडत नाही. बेक केलेल्या लाइटिंगमधे पाडतं, पण तुझी गाडी हलते. मोबाइलवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडीच्या खाली रस्त्याला समांतर एक चौकोनी क्वाड टाक, त्यावर कडेला विरत जाणारा डाग, शेडर ॲडिटिव्ह (मागच्या रंगात उजेड मिळवणारा), आणि क्वाड गाडीपेक्षा वीतभर बाहेर. रस्त्यापासून किंचित वर ठेव नाहीतर लुकलुकेल. एचडीआर चालू आहे का बघ, ते बंद असेल तर ब्लूम (दिव्याभोवतीचं तेज) नीट चढत नाही. आणि तुझा रस्ता कोरडा ठणठणीत आहे, त्यावर काय चमकणार? मधेमधे ओले पट्टे कर, नुसती स्मूदनेस वाढवली तरी चालेल. अंडरग्राउंडचे रस्ते कायम नुकताच पाऊस पडून गेल्यासारखे असायचे ते उगाच नाही.

आता रेंडरमधे कडक आणि गेममधे भिकार का, ते. ब्लेंडरमधे (मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधे) तू स्टुडिओचा एचडीआरआय (उजेडासाठीचा सभोवतालचा फोटो) लावला असणार, मोठे पांढरे दिवे वगैरे. पेंट चमकदार दिसतो तो त्या दिव्यांच्या प्रतिबिंबामुळे. गेममधे रात्र, वर काळं आकाश, म्हणजे पेंटला दाखवायला काहीच नाही, उरतं प्लॅस्टिक. रस्त्यावर रिफ्लेक्शन प्रोब (आजूबाजूचं प्रतिबिंब टिपणारा) टाकून बेक कर, आणि बेक करण्यापुरत्या वरून दिव्यांच्या लांब पट्ट्या टांग, मग बॉनेटच्या कडेने रेघा सरकताना दिसतील. रंग बदलणारा पेंट हवा असेल तर शेडर ग्राफमधे फ्रेनेल नोड (बघण्याच्या कोनाप्रमाणे बदलणारा) घेऊन दोन रंग मिसळ, समोरून निळा आणि कडेला जांभळा. व्हिनाइलपेक्षा ते जास्त भाव खाईल.

मिसळवाला_मेकॅनिक

चाकं लडबडतात म्हणजे व्हील बॅलन्सिंग बघा. टायरला आतून चिखल वाळून बसला असेल तरी होतं.

शलाका_के

🤦

धुरळा_उडव

दादा गेम.

मिसळवाला_मेकॅनिक

हां मग गेममधे पण तेच लॉजिक असेल ना. चाकाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य वेगळा असला की चाक लडबडणारच.

बहुभुज

हसू नका, मेकॅनिक बरोबर बोलतायत. धुरळ्या, तू चाकाचा कॅम्बर (आतला झुकाव) त्याच ऑब्जेक्टला दिलायस जे फिरतं. त्यात व्हील कोलायडरच्या (युनिटीत चाकाचं फिजिक्स सांभाळतो तो) गेटवर्ल्डपोजने आलेलं रोटेशन दर फ्रेमला त्यावरच चढवलं जातं, म्हणजे कॅम्बर एकतर पुसला जाणार नाहीतर चाकाबरोबर गरागरा फिरणार. तीन थर कर. बाहेरचा रिकामा ऑब्जेक्ट जागा आणि स्टीअरिंग घेईल, त्याच्या आत दुसरा रिकामा, त्याला फक्त कॅम्बर, आणि सगळ्यात आत चाकाचा मेश (दिसणारं मॉडेल), तो फक्त स्वतःच्या आसाभोवती फिरेल. मेशचा पिव्होट (फिरण्याचा मध्य) बरोब्बर मधोमध आहे ना तेही तपास, रिम ऑफसेट करताना हलला असेल.

अक्षरं उलटी येणारच, कारण मिरर मॉडिफायरमुळे दोन्ही बाजू एकाच यूव्हीवर (चित्र बसवायच्या नकाशावर) बसल्यात. मॉडिफायर अप्लाय कर, व्हिनाइलसाठी दुसरा यूव्ही चॅनेल बनव आणि त्यात डावी-उजवी बाजू वेगळी मांड. सगळ्या बॉडीला करायची गरज नाही. दारं, फेंडर, बॉनेट, बास.

योकोहामाकर

उशिरा आलो. गेम कुठे घडतो ते कुठेच लिहिलेलं नाही.

धुरळा_उडव

योकोहामा. ते हायवे, वांगान (खाडीकाठचा).

योकोहामाकर

मग नंबर प्लेट एमएच 12 कशाला? 😄 नोकरीनिमित्त इथेच असतो. दाइकोकु पार्किंगला जातो अधूनमधून, एक्स्प्रेस वेवरूनच आत शिरता येतं, गोल गोल रॅम्प उतरून. शनिवारी रात्री गर्दी वाढली की पोलीस भोंग्यावरून सांगून पार्किंग बंद करतात, सगळे मुकाट निघतात. तुझ्या गेमला तो सीन फुकट मिळतोय, घे.

प्लेटबद्दल सांगतो कारण इथल्या माणसाला तेच आधी खटकेल. खासगी गाडीची प्लेट पांढरी, अक्षरं हिरवी. वर गावाचं नाव आणि वर्गाचा आकडा, खाली डावीकडे एक हिरागाना (जपानी लिपीतलं) अक्षर आणि मग मोठे चार आकडे. पिवळी प्लेट छोट्या केई गाड्यांची, ती चुकूनही लावू नकोस. आता गंमत. एस15 ची रुंदी 1695 मिलीमीटर, म्हणजे 1700 च्या आत, इंजिन पण दोन लिटरच्या आत, म्हणून मूळ गाडीचा वर्गाचा आकडा 5 ने सुरू होतो. वाइडबॉडी लावली की 1700 च्या वर गेली, मग नव्याने नोंद करून 3 ने सुरू होणारी प्लेट घ्यावी लागते. तुझ्या हिरोच्या प्लेटवर 3 टाक, जाणकार माणूस पॉज करून बघेल.

सदूकाका_निवृत्त

म्हणजे जपानातही नोंद करावीच लागते. मी तेच सांगत होतो.

योकोहामाकर

काका, शंभर टक्के. इथे दर दोन वर्षांनी शाकेन म्हणून तपासणी असते, ती आपल्या पासिंगपेक्षा कडक.

आरबी_26

अवांतर: दाइकोकुला आर34 किती दिसतात?

रोटरी_रावसाहेब

एफडीपेक्षा कमीच असतील.

शलाका_के

एक राहिलं. गेम प्ले स्टोअरवर टाकणार असशील तर खऱ्या कंपनीचं नाव आणि लोगो काढ. लायसन्सचा विषय मोठ्या स्टुडिओंनाही सुटत नाही, 2019 च्या नीड फॉर स्पीड हीटमधे टोयोटाची एकही गाडी नव्हती. नुसता लोगो काढूनही भागेल असं नाही, पुढचे दिवे आणि ग्रिल एवढे बदल की सिल्व्हियाची आठवण यावी पण सिल्व्हिया म्हणता येऊ नये. डेमो कॉलेजातच असेल तर आत्ता राहू दे.

धुरळा_उडव

कॉलेजातच आहे. लोगो नंतर बघतो.

क्वाड टाकला, निऑन लागला 🔥🔥 ओला रस्ता पण केला. चाकं सरळ फिरतायत. प्रोब बेक होतोय. अक्षरं आज रात्री. विंग अजून मोठा केला, मागूनच दिसतो म्हटलात ना, पण आता पुढचा रस्ताच दिसत नाहीये, वळण कळायच्या आत गाडी भिंतीला. विंग काढणार नाही आधीच सांगतो.

बहुभुज

नको काढू. पाय उंच कर आणि फळी पातळ, म्हणजे फळी आणि डिकीच्या मधल्या फटीतून रस्ता दिसेल. कॅमेरा थोडा वर घेऊन जरासा खाली वाकव, वेग वाढला की फील्ड ऑफ व्ह्यू पण वाढव. तरी अडत असेल तर फळीच्या बाजूच्या प्लेटा बारीक कर, खरी आड त्यांचीच येते, फळीची नाही.

धुरळा_उडव

प्लेटा बारीक केल्या, दिसतंय आता. फोटो टाकतो थोड्या वेळाने. सायलेन्सरमधून जाळ काढायचा तर पार्टिकल वापरू का नुसतं फ्लिपबुक (एकामागोमाग दिसणारी चित्रं)?

बहुभुज

फ्लिपबुक. गिअर बदलतानाच दाखव, सारखा नको.

रोटरी_रावसाहेब

जाळ काढायचा तर रोटरीच पाहिजे.